वेग पकडला, किंमत निसटली : ‘वेहे’ ॲप वापरून पाहिल्यावर

मी पुस्तकं वाचते, म्हणजे मोठ्याने, मायक्रोफोनसमोर. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. गेली सात वर्षं हे काम चालू आहे. लेखकाची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यायची, एकेक प्रकरण रेकॉर्ड करायचं आणि माझ्या स्वतःच्या साध्याशा वेबसाइटवर फाइल चढवायची. तिथे खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत, चित्रं नाहीत. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, अडखळेल असं काहीच मी ठेवलेलं नाही. पान उघडायचं, पुस्तकाचं नाव ऐकायचं, प्रकरणावर दाबायचं, झालं.

हे आधी सांगते, कारण इंटरनेट कंपनी वेगात भेदभाव करते का ते तपासणाऱ्या ‘वेहे’ या ॲपकडे मी कुतूहलापोटी गेले नाही. एकाच आठवड्यात दोन तक्रारी माझ्यापुढे आल्या आणि दोन्हींच्या मुळाशी इंटरनेट पुरवणारी कंपनी आहे असा मला संशय होता. पण नुसत्या संशयावर कुणाशी भांडणार? दाखवण्यासारखं काहीतरी हातात हवं होतं.

पहिली तक्रार माझीच. नव्याने वाचन करू लागणाऱ्यांसाठी मी एक शिकवणीचा व्हिडिओ बनवला आहे. आवाज कुठे कापायचा, श्वास कसा काढायचा, शांतता किती ठेवायची, हे सगळं एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा पडदा दाखवून समजावलंय. हा व्हिडिओ एका मोठ्या व्हिडिओ सेवेवर आहे. मोबाइलच्या डेटावर तो उघडला की चित्र धूसर ते धूसरच राहायचं. माणसाचा चेहरा धूसर दिसला तर चालतं, पण इथे बटणांवरची बारीक अक्षरं वाचता येणं हाच सगळा मुद्दा आहे. ‘एक्स्पोर्ट’ कुठे आणि ‘एक्सपांड’ कुठे तेच कळेना. स्पीड टेस्ट लावली तर चाळीस एमबीपीएसच्या (सेकंदाला इतके मेगाबिट) घरात आकडा. कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला, तर “मॅडम, आमच्याकडे तुमचा स्पीड व्यवस्थित दिसतोय.” आकडा तर मलाही व्यवस्थितच दिसत होता.

माझा धाकटा भाऊ नेटवर्कच्या कामात आहे. तो म्हणाला, “ताई, स्पीड टेस्ट रस्ता किती रुंद आहे ते सांगते. नाक्यावर कुणाला अडवतात ते सांगत नाही. तू वेहे लाव.”

वेहे हे फुकट ॲप आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, आणि त्याचा कोड उघडा आहे. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड चॉफ्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बनवलं. नाव हवाई बेटांच्या भाषेतलं, अर्थ ‘उघडणे’. जानेवारी २०१८ मध्ये ॲपलने ते आपल्या ॲप स्टोअरवर घ्यायला आधी नकार दिला होता आणि त्याची बातमी झाल्यावर परवानगी दिली. इंटरनेट मोजण्याचं साधन लोकांच्या हाती पोचायलाही कुणीतरी मध्ये बसलेला परवानगी देतो, हे मला ती हकिकत वाचताना फार लागलं.

ॲप उघडल्यावर पहिल्यांदा संमतीपत्र येतं, कारण तुमची चाचणी संशोधनात धरली जाते. मला ते आवडलं. काय गोळा करणार ते सांगतात आणि मग विचारतात. पुढे व्हिडिओ, संगीत, कॉल अशा ओळखीच्या सेवांची यादी येते. हव्या त्या निवडायच्या आणि चाचणी सुरू करायची. एवढंच.

पण आतमध्ये जे घडतं ते खरोखर सुंदर आहे. त्यांनी प्रत्येक सेवेच्या वाहतुकीचा एक नमुना आधीच टिपून ठेवलेला आहे: किती मोठे तुकडे, कुठल्या क्रमाने, किती अंतराने. तो नमुना ॲप आणि त्यांचा सर्व्हर यांच्यामध्ये जसाच्या तसा पुन्हा वाजवला जातो, टेपवर रेकॉर्ड केलेलं वाजवावं तसा. मग तोच नमुना दुसऱ्यांदा जातो, पण या वेळी आतला प्रत्येक बिट उलटवून, शून्याचा एक आणि एकाचं शून्य. आकार तोच, वेळा त्याच, ओझं तेवढंच, पण आतला मजकूर कुणालाही ओळखू न येणारा. आता मधल्या कंपनीचं यंत्र सगळ्यांना सारखं वागवत असेल, तर दोन्ही फेऱ्यांचा वेग सारखाच यायला हवा. पहिली फेरी रेंगाळली आणि दुसरी सुसाट गेली, तर एकच अर्थ निघतो: कुणीतरी नाव वाचून हात आखडता घेतला.

नाव वाचता कसं येतं? आजकाल जवळजवळ सगळी वाहतूक कूटबद्ध असते, आतला मजकूर कंपनीला दिसत नाही. पण जोडणी सुरू होताना आपल्याला कुठल्या साइटशी बोलायचं आहे ते नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. बंद पाकिटावरच्या पत्त्यासारखं. वेग कापणाऱ्या यंत्राला तेवढं पुरतं. भावाने हे सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, पोस्टमनने पत्ता वाचायचा तो पत्र पोचवायला. कुणाचं पत्र उशिरा टाकायचं ते ठरवायला नव्हे. याच साध्या अपेक्षेला अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हे नाव दिलं.

तर माझी चाचणी. रात्री अकरा वाजता रेकॉर्डिंगची खोली बंद करून, वायफाय काढून, फोन मोबाइल डेटावर ठेवून मी पहिल्यांदा ती लावली. पट्टी सरकत राहिली, थांबली, पुन्हा सरकली. मग आलेख आला. दोन रेघा. व्हिडिओ सेवेच्या मूळ नमुन्याची खाली, पट्टीने आखावी तशी सपाट, १.५ एमबीपीएसवर. बिट उलटवलेल्या नमुन्याची वर, डोंगररांगेसारखी उंचसखल, सरासरी १४.२. आणि खाली निकाल: वागणुकीत फरक आढळला. 

त्या खालच्या सपाट रेघेकडे मी बराच वेळ बघत बसले. गर्दीमुळे वेग कमी झाला असता तर रेघ खालीवर झाली असती. गर्दी कधी सरळ रेषेत चालत नाही. ती सपाट होती, कारण तिथे कुणीतरी आकडा बसवला होता. नेमका माझ्या व्हिडिओतली अक्षरं फुटतील एवढा.

एका चाचणीवर विसंबू नये असं भावाने बजावलं होतं. तीन दिवसांत पाच वेळा लावली: पहाटे, दुपारी, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. वरची रेघ दर वेळी वेगळी आली, संध्याकाळी तर नऊपर्यंत उतरली. खालची पाचही वेळा १.५. संगीताच्या सेवेत काहीच फरक दिसला नाही. एका चाचणीत ॲपने खात्रीने सांगता येत नाही असं म्हणून पुन्हा करायला सांगितलं. हेही मला पटलं. शंका असताना ठाम बोलत नाही, अशा साधनावर विश्वास ठेवायला सोपं जातं.

वेहेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वर्षभराच्या चाचण्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १८३ देश-प्रदेशांतल्या १,२६,२४९ जणांनी केलेल्या १०,४५,४१३ चाचण्या त्यात होत्या आणि ७ देशांतल्या ३० कंपन्यांच्या जाळ्यांत त्यांना असा भेदभाव सापडला. त्यातली एक गोष्ट वाचून मी थबकले. काही जाळी व्हिडिओ सुरू होताना पूर्ण वेग देतात आणि थोड्या वेळाने हळूच कापतात. म्हणजे पहिले काही क्षण बघून ‘छान चाललंय’ म्हणणारा माणूस फसतो आणि पुढे चित्र बिघडलं तर दोष त्या व्हिडिओ सेवेला देतो. मी अगदी हेच केलं होतं. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये दोन दुपारी घालवल्या होत्या.

आलेखाची पाचही चित्रं जोडून कंपनीला मेल केली. नऊ दिवसांनी उत्तर आलं. तक्रार नाकारलेली नव्हती, पण मान्यही नव्हती. माझ्या प्लॅनमध्ये ‘व्हिडिओ ऑप्टिमायझेशन’ चालू आहे आणि ते खात्याच्या सेटिंगमधून बंद करता येतं, असं एका ओळीत लिहिलं होतं. मी शोधलं. चौथ्या पानावर, ‘प्राधान्ये’च्या खाली ‘अधिक’, त्याखाली ते बटण. मी ते कधीही चालू केलेलं नव्हतं. बंद केलं, फोन बंद करून पुन्हा लावला आणि वेहेची चाचणी पुन्हा केली. दोन्ही रेघा एकमेकींत गुंतून वर गेल्या. व्हिडिओतलं ‘एक्स्पोर्ट’ वाचता आलं.

मदत केंद्रातल्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. राग ‘ऑप्टिमायझेशन’ या शब्दाचा आहे. सात वर्षं मी शब्द उच्चारून जगते आहे. दुसऱ्याचं कापून घेण्याला ‘सुधारणा’ म्हणणं मला सहन होत नाही.

इथपर्यंत ॲपला माझ्याकडून पैकीच्या पैकी. आता त्याच्या मर्यादा, कारण दुसरी तक्रार तिथेच अडकली.

वेहे त्याच्या यादीतल्याच सेवांची चाचणी करतं. माझी वेबसाइट त्या यादीत असणं शक्यच नाही, आणि माझ्यासारख्या लाखो छोट्या साइट आहेत त्यांचंही तेच. शिवाय नमुना वाजवला जातो तो त्यांच्या सर्व्हरपर्यंत, खऱ्या सेवेच्या सर्व्हरपर्यंत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या जाळ्यांच्या सांध्यावर जी अडवणूक होते ती यात दिसत नाही. अमेरिकेत नेटफ्लिक्स आणि इंटरनेट पुरवणारी कॉमकास्ट कंपनी यांच्यात तसंच झालं होतं. नेटफ्लिक्सचा वेग कॉमकास्टच्या ग्राहकांसाठी घसरत गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये थेट जोडणीसाठी पैसे द्यायचा करार केल्यावर सुधारला. नेटफ्लिक्सला पैसे देता आले. माझ्यासारखी वाचणारी बाई काय देणार?

अर्थात यादीबाहेरचा भेदभाव माणसाला पकडताच येत नाही असं नाही. २००७ मध्ये रॉब टोपोल्स्की नावाच्या एका गृहस्थांनी तो पकडला. त्यांना जुन्या काळातल्या चौघांनी मिळून गायच्या गाण्यांची आवड, स्वामित्वहक्क संपलेली ती ध्वनिमुद्रणं ते बिटटोरेंटवरून, म्हणजे एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर फाइल पाठवायच्या पद्धतीने, इतरांना देत होते. फाइल जाईचना. त्यांनी स्वतःच्या संगणकावरची वाहतूक तपासली तेव्हा दिसलं की कॉमकास्ट मध्येच खोटे संदेश घुसवून जोडणी तोडत आहे, जणू पलीकडच्या माणसानेच फोन ठेवला. नंतर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी करून खात्री केली आणि ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार आयोगाने कंपनीविरुद्ध आदेश काढला. जुने आवाज लोकांपर्यंत पोचवू पाहणारा एक माणूस, आणि मध्ये कुणीतरी गुपचूप वायर ओढणारा. हे वाचताना मला त्यांच्याविषयी अगदी सख्ख्यासारखं वाटलं. पण त्यांना नेटवर्क कळत होतं. वेहेचं मोठेपण हे की ज्यांना कळत नाही त्यांच्याही हातात तो आलेख येतो.

आता दुसरी तक्रार. माझे एक श्रोते निवृत्त शिक्षक आहेत, मी त्यांना सर म्हणते. साठीनंतर दृष्टी गेली. मुलीकडे परदेशात राहतात. त्यांचा आवाजी संदेश आला: “बाई, तुमचं पुस्तक अर्ध्यावर आहे आणि डेटा संपला. लेक म्हणते, बाबा, व्हिडिओच्या ॲपवर ऐका, ते आपल्या पॅकमध्ये फुकट आहे. तुम्ही तिकडे का टाकत नाही?”

मी सरांच्या मुलीला फोनवरून वेहे घालायला लावलं. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून आल्या, काही फरक नाही. माझ्या साइटवरून एक फाइल उतरवून बघायला सांगितली, तीही झटपट उतरली. वेगाच्या बाबतीत सरांच्या कंपनीला बोट दाखवायला जागा नव्हती. भेदभाव होता तो मीटरमध्ये. त्यांच्या पॅकमध्ये ठरावीक ॲप वापरली तर डेटा मोजत नाहीत. बाकी सगळं इंटरनेट मोजतात. याला झिरो-रेटिंग म्हणतात. वेहे वेग मोजतं, बिल वाचत नाही. हे त्याचं काम नाही हे मला मान्य आहे, पण वापरणाऱ्याने लक्षात ठेवलं पाहिजे की ‘फरक आढळला नाही’ या निकालाचा अर्थ ‘सगळ्यांना सारखं वागवतात’ असा होत नाही.

मी कागद घेऊन बसले. माझ्या फाइल ६४ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटच्या, असतात. चाळीस मिनिटांचं प्रकरण १९ एमबीच्या आसपास होतं. बारा तासांचं अख्खं पुस्तक धरलं तर साधारण ३४५ एमबी. आणि माझ्या फोनवर कापून १.५ एमबीपीएसला आणलेला तो धूसर व्हिडिओ? तो एक तास पाहिला तर ६७५ एमबी. म्हणजे एका तासाच्या हलक्या प्रतीच्या व्हिडिओच्या ओझ्यात बारा तासांचं पुस्तक जवळजवळ दोनदा बसतं. सरांच्या पॅकमध्ये तो व्हिडिओ फुकट आणि पुस्तक मोजून. ‘जाळ्यावर भार पडतो म्हणून आम्हाला फरक करावा लागतो’ हे कारण मी अनेक ठिकाणी वाचलं आहे. माझ्या कागदावर ते टिकलं नाही. ज्याचा भार जास्त तेच फुकट ठेवलं आहे.

‘मग तिकडे टाका की’ असं सरांच्या मुलीसारखं बरेच जण प्रेमाने सुचवतात. मी टाकलं होतं, एक महिना. प्रकरणाच्या ऐन मध्यावर मोठ्या आवाजात जाहिरात सुरू व्हायची. अंध माणसाला ‘वगळा’चं बटण शोधायला किती वेळ लागतो ते कानांनी ऐकलंय मी. कुठपर्यंत ऐकलं ते लक्षात ठेवायला खातं हवं. प्रकरण संपलं की पुढचं प्रकरण लागण्याऐवजी भलताच कुणाचा तरी व्हिडिओ सुरू व्हायचा. आणि उद्या त्यांनी ठरवलं की हे नको, तर सात वर्षांचं काम एका रात्रीत बंद. माझ्या साइटवर यातलं काहीही नाही, म्हणून ती साइट आहे. कुणालाही न विचारता ती सुरू करता आली, एवढंच मी खुल्या इंटरनेटकडून घेतलं. सरांना त्याच किमतीत माझ्यापर्यंत येता यावं, एवढंच आणखी मागते आहे.

असं मागणारी मी पहिली नाही, आणि काही ठिकाणी ते मिळालंही आहे. चिलीने २०१० मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा केला, तो जगातला पहिला. भारतात २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाकडे लोकांनी दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचा वेगवेगळा दर लावायला बंदी केली. ठरावीक साइट फुकट देणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स तिथेच थांबलं. युरोपीय न्यायालयाने २ सप्टेंबर २०२१ रोजी जर्मनीतल्या तीन प्रकरणांत झिरो-रेटिंगच्या योजना खुल्या इंटरनेटच्या नियमांशी विसंगत ठरवल्या. अमेरिकेत मात्र २०१५ मध्ये नियम आले, डिसेंबर २०१७ मध्ये काढून टाकायचं ठरलं, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने रद्द केले. दहा वर्षांत चारदा. सर जिथे राहतात तिथे झिरो-रेटिंगला मनाई नाही. म्हणजे एकाच पुस्तकाचं तेच प्रकरण एका देशातल्या श्रोत्याला इतर कुठल्याही साइटच्या भावात मिळतं आणि दुसऱ्या देशातल्या श्रोत्याला महाग पडतं. वाचणारी तीच, फाइल तीच.

जाता जाता ‘ऊनी प्रोब’ या दुसऱ्या ॲपबद्दल. वेहे वेग बघतं, ऊनी अडवणूक बघतं: साइट उघडते की नाही, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल चालतात की नाही, मध्ये कुणी फेरफार करतं का. त्यात आपल्याला हवा तो पत्ता घालून तपासता येतो, त्यामुळे माझी साइट मी तपासू शकले आणि निरनिराळ्या देशांतल्या काही श्रोत्यांनीही तपासून दिली. सगळीकडे उघडते आहे. हे तपासावंसं वाटायचं कारण कॅनडातली २००५ ची गोष्ट. टेलस या दूरसंचार कंपनीत कामगारांचा संप चालू होता, कंपनीने कामगारांची बाजू मांडणारी एक साइट आपल्या ग्राहकांसाठी बंद केली आणि तिच्याबरोबर त्याच सर्व्हरवरच्या ७६६ दुसऱ्या साइटही बंद झाल्या, ज्यांचा संपाशी काही संबंध नव्हता. माझी साइटही अशीच भाड्याच्या सर्व्हरवर शेजाऱ्यांबरोबर राहते. ऊनीचे निकाल जगासाठी उघडे असतात आणि काही देशांत ते चालवणं धोक्याचं ठरू शकतं. ॲप हे सुरुवातीलाच सांगतं आणि तुम्हाला समजलं का ते छोटे प्रश्न विचारून तपासतं. ते घाईने पुढे ढकलू नका.

वेहे कुणी घ्यावं? ज्याला ‘स्पीड तर बरोबर आहे’ हे उत्तर ऐकून गप्प बसावं लागलं आहे, त्या प्रत्येकाने. चाचणी करताना व्हीपीएन (आपली वाहतूक झाकून नेणारी सेवा) बंद ठेवा, नाहीतर मधल्या यंत्राला नाव दिसणारच नाही आणि निकाल खोटा चांगला येईल. वायफायवर आणि मोबाइल डेटावर वेगवेगळी करा, ती दोन निराळी जाळी असू शकतात. वेगवेगळ्या वेळी करा आणि दर वेळी आलेखाचं चित्र जपून ठेवा. काही एमबी डेटा जातो, तेवढा जाऊ द्या. आणि त्यानंतर आपल्या पॅकचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मोजणीत काय धरतात आणि काय सोडतात ते तिथेच कळेल, वेहेत कळणार नाही.

सरांच्या मुलीने त्यांच्या कंपनीला पत्र लिहिलं आहे, मी मजकूर तयार करून दिला. तिथल्या नियामकाकडेही प्रत गेली आहे. उत्तर यायचं आहे.

मधल्या काळात पुस्तक अर्ध्यावर राहू नये म्हणून मी सरांसाठी सगळ्या फाइल ३२ केबीपीएसवर आणल्या. आकार निम्मा झाला, डेटा महिनाभर पुरला असता. दुसऱ्याच दिवशी त्यांचा संदेश आला: “बाई, तब्येत बरी नाही का? ‘श’ आणि ‘स’ बसल्यासारखे येताहेत.” तब्येत ठणठणीत होती. बिटचा दर उतरवला की वरच्या पट्टीतलं पहिलं काय जातं, तर हेच, शकार-सकारांतली धार. आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारलेल्या माणसाच्या कानांनी ती पहिल्याच प्रकरणात टिपली.

मी त्यांना खरं कारण सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मग पूर्ण आवाजातलंच पाठवा. मी थोडं थोडं ऐकेन.” आता ते दिवसाला वीस मिनिटं ऐकतात. मी प्रत्येक प्रकरणाच्या दोन फाइल ठेवते.